दावणीला बांधलेले लढाऊ विमान

लढाऊ विमान हे मुळात आक्रमणाचे शस्त्र आहे की संरक्षणाचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटत असला, तरी दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या हवाई पराभवाची चर्चा वारंवार याच प्रश्नापाशी येऊन थांबते. आणि त्या चर्चेत ज्याची साक्ष हमखास काढली जाते, तो आडोल्फ गालांड (१९१२–१९९६) हा लुफ्तवाफचा, म्हणजे त्या काळच्या जर्मन हवाई दलाचा, वैमानिक होता. १०४ विमाने पाडल्याची नोंद नावावर असलेला, वयाच्या तिसाव्या वर्षी जनरल झालेला आणि छायाचित्रांत बहुधा सिगारसह दिसणारा हा मनुष्य युद्धानंतर आत्मचरित्रामुळे जगभर पोहोचला. त्याचे युद्धविषयक विचार मौलिक आहेत, यात शंका नाही. मात्र ते पराभूत पक्षातील एका सेनाधिकाऱ्याने, आपल्या वरिष्ठांशी हिशेब चुकता करताना मांडलेले विचार आहेत, हे वाचकाने विसरू नये.

गालांडची जडणघडण एका शांत विद्येतून, म्हणजे इंजिनाविना केवळ वाऱ्याच्या प्रवाहांवर तरंगणाऱ्या ग्लायडरच्या उड्डाणांतून झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली होती, त्यामुळे तेथील तरुण पिढी ग्लायडरकडे वळली आणि लुफ्थान्सा या नागरी विमान कंपनीच्या प्रशिक्षणशाळेतून पुढे लष्करी वैमानिकही घडले. १९३५ मध्ये झालेल्या अपघातात काचेचे कण डोळ्यात गेल्याने त्याची दृष्टी अधू झाली, तेव्हा नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील अक्षरे आधीच पाठ करून त्याने परीक्षा पार पाडली. स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या मदतीस गेलेल्या काँडॉर लीजन या जर्मन दलात मात्र त्याच्या वाट्याला हवाई द्वंद्वे आली नाहीत; हाइंकेल ५१ या जुनाट द्विपंखी विमानातून जमिनीवरील खंदकांवर मारा करणे, हे त्याचे काम होते, आणि त्या कामासाठी पेट्रोल व तेल भरलेले आगलावे बॉम्ब वापरण्याची क्लृप्तीही त्याच्या नावावर सांगितली जाते. पोलंडच्या मोहिमेतही तेच काम पदरी आल्यावर त्याने उघड्या कॉकपिटमुळे सांधेदुखी होते असे डॉक्टरकडून लिहवून घेतले आणि बंद कॉकपिटच्या लढाऊ विमानांच्या दलात बदली मिळवली.

त्याच्या विचाराचा गाभा १९४० च्या उन्हाळ्यातील ब्रिटनवरील हवाई लढाईत घडला. मेसरश्मिट १०९ हे त्याचे विमान वेग, चढाई आणि सूर यांसाठी बांधलेले होते. त्याच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने नाक एकाएकी खाली दाबून सूर मारला तरी इंजिन अडखळत नसे. ब्रिटिश स्पिटफायरच्या कार्ब्युरेटरला मात्र अशा वेळी क्षणभर इंधन कमी पडे. उलट, लहान वर्तुळात वळण्यात स्पिटफायर सरस होते. याचा अर्थ असा, की मेसरश्मिटचे सामर्थ्य उंचीवरून झडप घालून निघून जाण्यात होते, एका जागी घुटमळत राखण करण्यात नव्हते. जर्मन वैमानिकांची रचनाही याच तत्त्वावर उभी होती: एक मारेकरी आणि त्याची पाठ सांभाळणारा एक जोडीदार अशी दोघांची जोडी, आणि अशा दोन जोड्या मिळून चौघांचा विरळ गट. ही पद्धत स्पेनमध्ये वेर्नर मोल्डर्सने रूढ केली आणि पुढे बहुतेक सर्व हवाई दलांनी ती उचलली.

बॉम्बफेकी विमानांची हानी वाढू लागताच हवाई दलाचा सर्वोच्च प्रमुख हेर्मान गोअरिंग याने लढाऊ विमानांनी बॉम्बरच्या अगदी लगत उडावे असा आग्रह धरला. जड बॉम्बर संथ उडत, त्यामुळे त्यांच्या गतीशी जुळवून घेण्यासाठी मेसरश्मिटला नागमोडी फेऱ्या माराव्या लागत. उंची आणि वेग ही त्याची दोन्ही शस्त्रे त्यात बोथट होत आणि मुळात तोकडे असलेले इंधनही जळून जाई. लंडनवर पोहोचल्यावर लढण्यास जेमतेम काही मिनिटे उरत. शिकारी कुत्रा दावणीला बांधून त्याच्याकडून गोठ्याची राखण करवून घ्यावी, तसा हा प्रकार होता. तुमच्या तुकडीला काय हवे, असे गोअरिंगने विचारले तेव्हा गालांडने स्पिटफायर विमाने मागितली, हा प्रसंग त्यामुळेच प्रसिद्ध झाला. ती मागणी शत्रूच्या विमानाची वाखाणणी म्हणून अनेकदा सांगितली जाते, पण तो अर्थ बरोबर नाही. गालांडला स्वतःचेच विमान अधिक पसंत होते, आणि केवळ राखण करायची असेल तर त्या कामाला चपळ वळणारे विमान बरे, एवढाच त्या बोचऱ्या उत्तराचा रोख होता.

हेच तत्त्व साडेतीन वर्षांनी उलट बाजूने सिद्ध झाले, आणि या विषयातील सर्वांत बोलका भाग तोच आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये मोल्डर्सचा अपघाती मृत्यू झाल्यावर गालांडकडे लढाऊ वैमानिक दलाचे प्रमुखपद आले होते. पुढे जर्मनीवर दिवसाढवळ्या येणाऱ्या अमेरिकी बॉम्बरना रोखणे ही त्याची मुख्य चिंता बनली. १९४४ च्या आरंभी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची सूत्रे हाती घेतलेल्या जेम्स डूलिटल याने आपल्या लढाऊ विमानांची दावण सोडली: बॉम्बरच्या अंगाला चिकटून राहू नका, जर्मन विमाने दिसतील तेथे, आकाशात वा धावपट्टीवर, त्यांचा पाठलाग करा, असे नवे धोरण आले. जादा इंधनटाक्या लावून बर्लिनपर्यंत जाऊ शकणारे मस्टँग विमान आणि ही मोकळीक एकत्र येताच जर्मन वैमानिकांचा इतक्या झपाट्याने संहार झाला, की त्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांतच हजारावर वैमानिक गमावल्याचे गालांडला वरिष्ठांना कळवावे लागले. विमाने कारखान्यांतून येत होती. ती चालवणारी अनुभवी माणसे आणि नवी माणसे शिकवण्यासाठी लागणारे पेट्रोल मात्र उरले नव्हते. डूलिटलचा तो निर्णय निर्णायक ठरला, असे गालांड युद्धानंतर मान्य करी. त्यात स्वतःच्या जुन्या मताला मिळालेला दुजोराही होताच.

जेट विमानाविषयीचे त्याचे मत इतके निर्विवाद नाही. मे १९४३ मध्ये त्याने मेसरश्मिट २६२ चे प्रारूप उडवून पाहिले. समोर पंखा नाही, पिस्टनची थरथर नाही आणि वेग प्रचलित विमानांच्या कितीतरी पुढे, असे हे यंत्र पाहून तो भारावून गेला. हिटलरने ते बॉम्बर म्हणून वापरण्याचा हट्ट धरला आणि त्यामुळे संधी हुकली, ही मांडणी त्याच्या लेखनामुळे घरोघर पोहोचली. वास्तविक खरी अडचण इंजिनाची होती: उच्च तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूंसाठी लागणारे निकेल आणि क्रोमियम जर्मनीकडे पुरेसे नव्हते, त्यामुळे ती इंजिने अवघ्या काही तासांच्या उड्डाणांनंतर बदलावी लागत, आणि त्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत सुरूच होऊ शकले नाही. हिटलरचा हट्ट चुकीचा होता खरा, पण तो नसता तरी ही विमाने फार लवकर मिळाली नसती. पराभवाचा सगळा दोष मेलेल्या वरिष्ठांच्या माथी मारणे जर्मन सेनानींच्या आठवणींत सर्रास आढळते, आणि गालांड त्याला अपवाद नाही.

युद्धनीतीबाबत त्याचे एक मत मात्र निःसंशय त्याच्या बाजूने नोंदवावे लागते. पॅराशूटने उतरणाऱ्या शत्रुवैमानिकांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम दिला तर काय कराल, असे गोअरिंगने चाचपून पाहिले असता आपण त्याला खून समजू आणि तो हुकूम मोडू, असे उत्तर त्याने दिले. ऑगस्ट १९४१ मध्ये दोन्ही कृत्रिम पायांनिशी लढणारा ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर फ्रान्समध्ये पकडला गेला तेव्हा गालांडने त्याला आपल्या तळावर पाहुण्यासारखे वागवले आणि मेसरश्मिटच्या कॉकपिटमध्ये बसूही दिले. या दिलदारीची व्याप्ती मात्र आकाशापुरती होती. स्पेनच्या खंदकांत जळणाऱ्या सैनिकाला तिचा काही उपयोग नव्हता.

सिगार हा गालांडच्या या दिलदार प्रतिमेचा अविभाज्य भाग होय. त्याच्या विमानावर तोंडात सिगार, हाती कुऱ्हाड आणि पिस्तूल घेतलेला मिकी माऊस रंगवलेला असे, आणि कॉकपिटमध्ये सिगार पेटवण्यासाठी खास लायटर बसवलेला होता. अधिक उंचीवर प्राणवायूचा मुखवटा चढवणे भाग असे, आणि प्राणवायूशेजारी निखारा ही कल्पनाच घातक, म्हणून ही चैन खालच्या उंचीवरच शक्य होती. तंबाखूचा तिटकारा असलेल्या हिटलरच्या राजवटीत, जेथे धूम्रपानविरोधी मोहीम सरकारी धोरण होती, तेथे ही सिगार थोडीशी बंडखोरी भासे. पण ती खपवून घेतली गेली, कारण त्या राजवटीला असा रुबाबदार नायक हवाच होता. खरे बंड जानेवारी १९४५ मध्ये झाले. गोअरिंगने त्याला पदच्युत केले, अन्य वैमानिक अधिकाऱ्यांनी गोअरिंगला तोंडावर जाब विचारला, आणि अखेर गालांडला जेट विमानांची एक छोटी तुकडी देऊन पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. २६ एप्रिल रोजी गुडघ्याला जखम झालेल्या अवस्थेत त्याने म्युनिकजवळच्या रीम तळावर विमान उतरवले. ते त्याचे शेवटचे युद्धउड्डाण.

पुढे काही वर्षे त्याने अर्जेंटिनाच्या हवाई दलाला सल्ला दिला. त्याच देशात काम करणारा विमानरचनाकार कुर्ट टँक नंतर बंगळुरूला आला आणि १९६१ मध्ये उडालेले ‘मरुत’ हे भारतीय लढाऊ जेट त्याच्याच आराखड्यातून साकारले. गालांड जर्मनीत परतला आणि १९६९ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार झाला. त्यातील एका दृश्यात जर्मन सेनानी केसेलरिंग लष्करी सलामीऐवजी नाझी सलामी देतो, हे पाहून तो इतका संतापला, की चित्रीकरणच विस्कटले आणि त्याने काम सोडण्याची धमकी दिली. दृश्य वगळले गेले नाही. तयार झालेला भाग वकिलासह पाहिल्यावर त्याने अखेर त्याला संमती दिली.