पिंपळाला पालवी, लेकरांना कांजण्या

थंडी सरली हे कॅलेंडरआधी वस्तीतली झाडे सांगतात. विहाराच्या आवारातला पिंपळ पाने गाळू लागतो, झाडणाऱ्या बाया वैतागतात, आणि थोड्याच दिवसांत त्याच उघड्या फांद्यांवर तांबूस, चकाकती पालवी येते. नाल्याकाठचा शेवगा फुलतो, आंबा मोहरतो, शहराबाहेर पळस लालभडक दिसतो. टिनाच्या घरात राहणाऱ्यांना आणखी एक खूण ठाऊक असते: पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

वॉर्डात काम करताना मला या दिवसांची वेगळी खूण कळली. अंगभर पाणीदार फोड आलेली लेकरे याच सुमारास जास्त यायची. कांजण्या.

आपल्याकडे अजूनही 'माता आली' म्हणतात. मग आंघोळ बंद, औषध बंद, भाजीला फोडणी बंद. फोडणी नसली तर कुणाचे बिघडत नाही. आंघोळ बंद केली की खाजवलेले फोड चिघळतात, त्यात पू होतो. देवीचा रोग जगातून गेल्याचे 1980 सालीच जाहीर झाले. कांजण्या हा वेगळा आजार आहे, तो विषाणूमुळे होतो.

लेकराला रोज कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग न घासता टिपून घ्या, नखे कापा. पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा तर टाका, पण तो औषधाऐवजी नको. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, आरोग्य केंद्रात विचारून. ऍस्पिरिन लेकरांना अजिबात देऊ नका. धाप लागली, लेकरू सुस्त पडले, उलट्या थांबेनात किंवा फोडांभोवती लाल सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एका खोलीच्या घरात वेगळे कुठे ठेवणार, हे मलाही कळते. त्यात हा आजार फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. पहिल्याच्या खपल्या पडतात तोवर भावंडाला ताप येतो, म्हणजे आईची रोजी महिनाभर बुडते. तरीही सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा-अंगणवाडी बंद ठेवा. ज्या गरोदर बाईला कांजण्या कधी झाल्या नाहीत, तिला त्या घरापासून दूर ठेवा. संपर्क आलाच असेल तर फोडांची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. मोठ्या माणसांना हा आजार लेकरांपेक्षा जड जातो.

गोवर वेगळा. त्यात आधी ताप, खोकला, नाक गळणे, लाल डोळे. मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ उतरते, त्यात पाणी नसते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडच्या वस्त्यांनी गोवराची साथ सोसली. कांजण्यांची लस सरकारच्या मोफत यादीत नाही, खासगीत ती महाग पडते. गोवर-रुबेलाची मात्र मोफत आहे: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पिंपळाला पालवी दिसली की ट्रंकेतले लसीकरणाचे कार्ड काढून दोन्ही रकाने बघा. कार्ड हरवले असेल तर आशाताईंना विचारा.