पुतणीचे कान

माझी पुतणी सई बारामतीला विमान चालवायला शिकते. आमच्या घराण्यात आजवर कोणी मोटारही धड चालवलेली नाही, तेव्हा ही बातमी आली त्या दिवशी घरात काय काय उडाले असेल ते वाचकांनीच ताडावे. फीची जुळवाजुळव झाली, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग एके दिवशी सई म्हणाली, "काका, आता हेडसेट घ्यायचाय."

किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. चांगला नवा हेडसेट लाखाच्या पुढे! मी मराठीचा प्राध्यापक. एवढ्या पैशांत किती शब्दकोश येतील याचा हिशेब मनात होऊन गेला. "माझा गाणी ऐकायचा घेऊन जा की," मी उदारपणे सुचवले. ती हसली. त्याला ओठांशी येणारा मायक्रोफोन नाही, आणि विमानात लागणाऱ्या दोन वेगळ्या जाडीच्या पिनाही नाहीत. माझे औदार्य तिथेच संपले.

पण थट्टा बाजूला ठेवू. सईचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, इचलकरंजीत यंत्रमाग चालवतात. तीस वर्षे धोट्याच्या खडखडाटात काढल्यामुळे दादांचे कान गेले आहेत. गोंगाटाने कान जातात ते एकदम जात नाहीत. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे उंच सूर आधी जातात. मराठीच्या मास्तराच्या भाषेत सांगायचे तर स्वर उरतात आणि स, श यांसारखी व्यंजने आधी निघून जातात. दादांना आपण बोलतो हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी सईला दोनशे तास उडायचे आहे, वैद्यकीय तपासणीत कानांचीही परीक्षा द्यायची आहे.

चार माणसांच्या सेसना विमानात आवाज साधारण ९० ते १०० डेसिबलच्या दरम्यान असतो. अमेरिकेतील 'नायोश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास! उघड्या कानांनी एक धडा घेतला की दिवसाचा शिधा संपला.

सुट्टीत सईने दोन हेडसेट मागून आणले. एक जुना हिरवा डेव्हिड क्लार्क, ज्यात नुसत्या गाद्या कान दाबून धरतात. दुसरा मैत्रिणीचा, बॅटरीवर आवाज मारणारा. परीक्षा घ्यायला आवाज कुठून आणायचा? घरात मागांची शेड होतीच! आम्ही तिघे आत गेलो. मी हिरवा चढवला. खडखडाट खूप उतरला. दुसरा चढवून कळ दाबली. खालचा घुमारा किंचित कमी झाला, खटखट मात्र तशीच. दादांनी दोन्ही लावून पाहिले आणि निकाल दिला, "दोन्ही सारखेच." मलाही तसेच वाटले. लाख रुपये वाचल्याच्या आनंदात मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चूक माझी होती, आणि ती सईने बारामतीहून फोनवर समजावली. मागाची खटखट उंच सुरांची. ती गादीने अडते. विमानाचा आवाज निराळा. पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो, पाती दोन, म्हणजे सेकंदाला ८० ठोके. चार सिलिंडरचे इंजिनही सेकंदाला ८० वेळाच पेटते. हा खर्जातला घुमारा गादीतून आरपार येतो. त्याच्यावर बॅटरीवाल्याचा उपाय असा: कानाच्या वाटीतला लहानसा मायक्रोफोन घुमारा ऐकतो आणि त्याच्या नेमकी उलटी लाट आत सोडली जाते, भरतीवर ओहोटी घातल्यासारखी. कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग या जर्मनाने १९३६ सालीच मिळवले होते. पुढे अमर बोस या बंगाली पित्याच्या अमेरिकन मुलाने १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच तिची आकडेमोड मांडली, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला.

"आणि काका, माझा चष्मा!" सई म्हणाली. हे मात्र माझ्या ध्यानातच आले नव्हते. चष्म्याच्या काडीने गादीखाली फट पडते, आणि हिरव्यावर छापलेले २३ डेसिबल त्या फटीतून निसटतात. मग रेडिओवरचे बोलणे कळावे म्हणून त्याचा आवाज वाढवायचा. म्हणजे कानांवर आणखी एक बोजा.

मला एक शंका होती. इंजिनच ऐकू आले नाही तर? तिच्या शिक्षकांनी सांगितले, आवाज नाहीसा होत नाही, लांब जातो. बदल झाला तर कळतो, पण डोळे मात्र काट्यांवर हवेत. बॅटरी संपली तरी रेडिओ चालूच राहतो, गाद्या काम करतात. पिनांचे तेवढे आधी पाहावे. हेलिकॉप्टरची पीन वेगळी असते.

शेवटी शिकून बाहेर पडणाऱ्या एका मुलीचा बॅटरीवाला घेतला. गाद्या नव्या बसवल्या, वायर वाकवून वाकवून तपासली, तासभर चष्म्यासकट डोक्यावर ठेवून कानशिले दुखतात का ते पाहिले. पैसे दादांनी दिले. दोन जुने माग भंगारात काढले होते.

महिन्याभराने मी इचलकरंजीला गेलो असताना दादांचा फोन वाजला. सईने त्या दिवशी प्रथमच एकटीने विमान उडवून उतरवले होते आणि ती ओरडून सांगत होती, "बाबा, सोलो! सोलो!"

"हॅलो, हॅलो," दादा म्हणाले. मग फोन माझ्याकडे देत कुरकुरले, "बघ रे जरा. पोरगी नुसतं हॅलो हॅलोच करतेय."