गेलेल्या माणसाची वाट मेंदू का पाहतो?

घरातलं माणूस जाऊन महिना झाला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती बँकेत देऊन झाल्या. तरी संध्याकाळी साडेसहाला जिन्यात पावलं वाजली की कान टवकारतात. आपणच सही करून कागदावर मान्य केलेली गोष्ट कानांपर्यंत पोचलेलीच नाही! वेड लागलंय का आपल्याला? छे. मेंदू त्याचं नेहमीचं काम नेहमीच्याच इमानानं करतोय.

हे काम कसं चालतं, त्याचा एक धागा चक्क उंदरांकडून मिळाला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांची प्रयोगशाळा आहे. जागेचं भान मेंदू कसं ठेवतो, या शोधाबद्दल २०१४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या गटानं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. पेटीत ठरावीक जागी एक वस्तू ठेवायची, उंदराला तिथं फिरू द्यायचं आणि मग ती वस्तू काढून घ्यायची. नंतर उंदीर त्या रिकाम्या जागी आला की मेंदूतल्या काही पेशी चेतायच्या. वस्तू असताना नाही बरं का, नसताना! ‘इथं काहीतरी होतं’ एवढंच सांगायला जणू नेमून ठेवलेल्या पेशी. आणि ही नोंद कित्येक दिवस टिकायची. एका निर्जीव वस्तूसाठी उंदराचा मेंदू इतकं करत असेल, तर चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसासाठी आपला मेंदू काय काय करत असेल?

अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर नेमकं हेच शोधतात. आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगानं गेली आहे, अशा बायकांना त्यांनी स्कॅनरमध्ये गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला. वेदनेशी निगडित भाग सगळ्यांच्याच मेंदूत जागे झाले, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांचं दुःख वर्षानुवर्षं हललंच नव्हतं, त्यांच्या मेंदूत आणखी एक भाग चेतला. हवीहवीशी गोष्ट मिळणार म्हणून जो उत्सुक होतो, तो! २००८ साली आलेलं हे निरीक्षण मला अजून थक्क करतं. मेंदूचा एक कोपरा शोक करतोय आणि दुसरा दाराकडे डोळे लावून बसलाय.

ओकॉनर म्हणतात, शोक हा शिकण्याचाच एक प्रकार आहे. लाइट गेलेली असते, आपल्याला ती गेल्याचं पक्कं ठाऊक असतं, तरी खोलीत शिरताना हात बटणाकडे जातोच ना? माहीत असणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. हाताला ते शिकवावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा बटण दाबून, पुन्हा पुन्हा अंधारच पाहून.

म्हणूनच गेलेला माणूस ‘जाणवतो’. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना याबद्दल सरळ विचारलं. जवळजवळ निम्म्यांना जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं. कुणाला तो दिसला होता, कुणाला त्याचा आवाज आला होता. १९७१ साली हे छापून आलं. गंमत म्हणजे बहुतेकांनी तोवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. लोक काय म्हणतील, ही भीती वेल्समध्येही असते तर!

बरं, हा मामला डोक्यापुरता राहत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्नी गमावलेल्या, पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ पुरुषांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते, आणि त्यांत हृदयविकाराचे बरेच. जपानी डॉक्टरांनी तर १९९०च्या सुमारास हृदयाचा आकारच बदललेला पाहिला. मोठ्या धक्क्यानंतर ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा येतो, डाव्या कप्प्याचं टोक फुगतं, मान अरुंद राहते. थेट तिकडच्या कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं! लक्षणं सगळी हार्ट अटॅकची, पण धमन्या मोकळ्या. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तरी शोकात छातीत दुखलं तर ‘मनाचं असेल’ म्हणून घरी बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

आता पाच पायऱ्यांबद्दल. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही यादी तुम्ही कुठं ना कुठं वाचली असेलच. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी ती १९६९ साली मांडली, पण शिकागोत मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटली. परिणामी ‘मला अजून राग कसा आला नाही?’ अशी नवीच काळजी लोकांच्या डोक्यात शिरली. माझ्या मते ही यादी आता थोडी बाजूला ठेवलेली बरी.

कारण शोक पायऱ्या चढत नाही, तो येरझारा घालतो. हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठातले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली ही कल्पना नीट मांडली. माणूस घटकाभर दुःखात बुडतो, रडतो, फोटो काढून बसतो. मग उठून गॅसचा नंबर लावतो, विजेचं बिल भरतो, नवऱ्यानंच कायम हाताळलेलं नेटबँकिंग शिकायला बसतो. पुन्हा बुडतो. आणि खरी कमाल अशी की हे मधलं बाहेर येणं म्हणजे दुःखापासून पळ काढणं नव्हे, तो सावरण्याचाच भाग आहे! दिवसकार्याला जमलेली भावंडं अचानक बाबांची एखादी फजिती आठवून खो-खो हसतात आणि लगेच ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही. एकाच टोकाला अडकून पडणं मात्र त्रासाचं, मग ते चोवीस तास रडणं असो की चोवीस तास काम.

स्वतःची काळजी घ्यायची ती याचसाठी. झोप, थोडं चालणं, वेळेवर दोन घास. मेंदूला इतकं अवघड काही शिकायचंय, तर शरीर निदान उभं तरी हवं. आपल्याकडे पहिल्या दिवशी शेजारून पिठलं-भात येतो, कुणीतरी समोर बसून ‘खा थोडं’ म्हणतं, ते किती शहाणपणाचं! पण ही सगळी सोय तेराव्यापाशी संपते. पहिला रिकामा रविवार, पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस त्यानंतरच येतात.

बहुतेक माणसं कालांतरानं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात, त्यांना उपचार लागत नाहीत. काहींचं मात्र घड्याळच थांबतं. तीव्र ओढ महिनोन् महिने रोज तशीच राहते, जगणं ठप्प होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि किमान मुदत सहा महिन्यांची आहे. अशांसाठी कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शियर यांनी सोळा भेटींचा उपचार रचला. त्यात काय होतं? डोळे मिटून त्या दिवशी काय घडलं ते वर्तमानकाळात सांगायचं. फोन वाजतोय, मी रिक्षात बसतेय, डॉक्टर बाहेर येतायत. हे रेकॉर्ड करायचं आणि घरी नेऊन ऐकायचं. ऐकतानाच अंगावर काटा येतो ना? पण सांगून झालं की समुपदेशक ती आठवण मुद्दाम मिटवून ठेवायला लावतात आणि त्या दिवसासाठी काहीतरी आवडीचं ठरवून घेतात. म्हणजे पुन्हा येरझाराच, पण सोबतीनं! पुढच्या एका भेटीत गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवादही होतो आणि त्याच्या बाजूची उत्तरं आपणच द्यायची असतात. २००५ साली केलेल्या तुलनेत या पद्धतीनं ५१ टक्के लोकांना गुण आला, दुसऱ्या एका मान्यताप्राप्त उपचारानं २८ टक्क्यांना.

म्हणजे निम्म्यांना नाही आला, हेही खरं. पण वर्षानुवर्षं जागचं न हललेलं दुःख सोळा भेटींत निम्म्यांचं हलतं, हे मला थोडंथोडकं वाटत नाही. आणि बोलायला लगेच सोळा भेटींचीच तयारी हवी असंही नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता लगेच लावायचा.