घरातली सर्वांत जुनी वस्तू

सांगा बरं, तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती? पणजीचं तांब्याचं घंगाळ? माळ्यावरचा पितळी स्टोव्ह? कुणी म्हणेल, अंगणातला काळा दगड. शाब्बास! सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पण त्याच्याहूनही कितीतरी जुनं काहीतरी तुम्ही रोज बाटलीत भरून शाळेत नेता.

पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. यातला ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला, म्हणजे बराच नंतर. हायड्रोजनची गोष्ट मात्र निराळी! त्याच्या अणूच्या मध्यभागी असतो एकटा प्रोटॉन, आणि हे प्रोटॉन घडले विश्वाच्या पहिल्याच सेकंदात. म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी. तुम्ही प्यायलेल्या घोटात ते आहेत. तुमच्या शरीरातल्या अणूंपैकी निम्म्याहून अधिक हायड्रोजनचेच आहेत.

ज्याला आपण महास्फोट म्हणतो, तो कुठल्या एका ठिकाणी झाला नाही. अवकाश सगळीकडेच ताणलं जाऊ लागलं, आणि ते अजूनही ताणलं जातंय. सुरुवातीला उष्णता इतकी भयंकर होती की प्रोटॉनजवळ इलेक्ट्रॉन टिकेचना. जवळपास 3 लाख 80 हजार वर्षांनी तापमान 3000 अंशांच्या आसपास उतरलं, तेव्हा कुठे पूर्ण अणू जुळले. मग गुरुत्वाकर्षणानं हा वायू जागोजागी गोळा केला, त्यातून तारे पेटले आणि ताऱ्यांच्या प्रचंड वसाहती झाल्या. त्याच दीर्घिका. आपली दीर्घिका म्हणजे आकाशगंगा. तिच्यात 10 हजार कोटींहून जास्त तारे आहेत.

सगळ्या वायूचे काही तारे झाले नाहीत. उरलेला हायड्रोजन दीर्घिकांमध्ये तसाच पसरलेला आहे, आणि तो चक्क रेडिओ लहरी पाठवतो! एकाच अणूकडे बघत बसलात, तर त्याची एक लहर मिळायला सरासरी एक कोटी वर्षं लागतील. पण दीर्घिकेत अणू इतके अगणित असतात की लहरी सतत येतच राहतात. या लहरीची लांबी ठरलेली असते, 21 सेंटिमीटर. तुमची पट्टी काढा आणि तेवढी रेघ मारून बघा.

आता चला जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला. तिथे आणि आसपासच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 प्रचंड अँटेना उभ्या आहेत. ही आपली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली. तिच्या ताटल्या पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. त्यामुळे वारा आरपार जातो आणि वजनही कमी राहतं. मला तर ही युक्ती फारच आवडते!

या दुर्बिणीनं टिपलेली एका दूरच्या दीर्घिकेच्या हायड्रोजनची हाक 2023 साली जाहीर झाली. ती लहर तिथून निघाली तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्यसुद्धा नव्हता. 880 कोटी वर्षं ती प्रवास करत होती. वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी आली आणि तिच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगासारखं काम केलं, म्हणून एवढी क्षीण हाक आपल्याला ऐकू आली.

पण खरी गंमत पुढेच आहे. खोडदला पोचली तेव्हा ती लहर 21 सेंटिमीटरची राहिलीच नव्हती. ती झाली होती सुमारे 48 सेंटिमीटरची! वाटेत अवकाश ताणलं गेलं, त्याच्याबरोबर लहरही ताणली गेली. लहर किती लांबली हे मोजलं की ती निघाल्यापासून विश्व किती पसरलं ते कळतं. या वेळी उत्तर आलं, सव्वादोन पटींहून थोडं जास्त.

विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, खोडदला प्रदर्शन भरतं. जमलं तर आईबाबांबरोबर नक्की जा. फक्त अँटेनांजवळ गेलात की मोबाइल बंद ठेवायचा हं. कोट्यवधी वर्षं चालून आलेल्या त्या लहरींपुढे आपल्या मोबाइलचा आवाज फारच मोठा असतो.