मोहल्ल्यातला आरोग्य निधी

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरकडे जगभरातून मदत आली. त्या पुनर्वसनात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे आणले. 2016 साली तिला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणून आजही महिला मंडळे परदेशी देणगीची वाट पाहतात. पण 2020 च्या कायदा दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. छोट्या मंडळांचा तो रस्ता बंद झाला.

जवळचा पैसा मात्र आपण विचारतच नाही. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात गरीब वस्तीतील 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला 5,000 रुपयांची तरतूद आहे. खेड्यात ग्राम आरोग्य समितीसाठी 10,000. रक्कम लहानच. तरी अडलेल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचे रिक्षाभाडे त्यातून निघते. खर्च बैठकीला बसणाऱ्या बायका ठरवतात, आणि तिथे आपल्या भगिनी कमी दिसतात. नांदेड असो वा लातूर, समितीत आपल्या गल्लीतून कोण आहे, हे आशाताईंना विचारावे. मागच्या वर्षीच्या खर्चाची वहीही पाहायला मागावी.