स्वस्त गोळीला 'पॉवर' नसते?

'जनऔषधीच्या गोळ्यांना पॉवर नसते.' हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की सांगणाऱ्याच्या घरी प्रयोगशाळाच असावी असं वाटतं. जनऔषधी ही केंद्र सरकारची योजना; तिच्या केंद्रांत स्वस्त जेनेरिक औषधं मिळतात. पण मुळात जेनेरिक आणि ब्रँडेड अशा औषधांच्या दोन जाती आहेत, हे गृहीतच चुकीचं आहे. पेटंट संपल्यावर तोच घटक वापरून इतर कंपन्यांनी बनवलेलं औषध म्हणजे जेनेरिक. आपल्याकडे नामवंत कंपन्यांच्या बहुतेक गोळ्याही तशाच असतात, फक्त त्यांच्यावर कंपनीने ठेवलेलं नाव असतं. म्हणजे 'आम्ही जेनेरिक घेत नाही' असं अभिमानाने सांगणारा माणूस बहुधा जेनेरिकच घेत असतो, जास्त पैसे मोजून. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचला, तर विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरीच, असं कितीदा तरी दिसेल. किमतीतला फरक मुख्यतः जातो तो कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींच्या (एमआर) फेऱ्या, जाहिरात आणि विक्रीसाखळीतला नफा यांत. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२मध्ये संपलं. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या, आणि तेव्हा ब्रँडेड पाकिटांच्या किमती १६२ ते २५८ रुपये असल्याचं केंद्र सरकारनेच जाहीर केलं होतं.

'एवढ्या कमी पैशांत दर्जा कसा राखणार?' हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. दर्जाचे कायदेशीर निकष महाग गोळीला आणि स्वस्त गोळीला एकच आहेत. जनऔषधीसाठी घेतलेली प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांकडे पाठवायची, असा योजनेचा नियम आहे. शरीरात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी तर मूळ औषधाइतकंच ते रक्तात उतरतं हे सिद्ध करणं २०१७पासून बंधनकारक आहे. तरीही निकृष्ट औषधं बाजारात असतात. २०१४ ते २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४७ हजार नमुने तपासले गेले. दुकानांतल्या नमुन्यांपैकी साधारण ३ टक्के निकषांत बसले नाहीत, सरकारी पुरवठ्यातले तर १० टक्के. हे लाजिरवाणं आहे आणि त्यावर उपाय कडक तपासणी हाच आहे. चढी किंमत हा नव्हे. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मासिक यादीत नापास बॅचेस जाहीर होतात. तिथे मोठ्या ब्रँडचीही नावं झळकतात, आणि मग 'ती बॅच आमची नव्हेच, बनावट होती' असे खुलासे येतात. खुलासा खरा धरला तरी प्रश्न उरतोच: नकली माल नावाजलेल्या ब्रँडचा काढायचा की अनाम गोळीचा? एका बाबतीत सावधगिरी खरोखर हवी. फेनिटॉइन, वॉरफरिन, थायरॉक्सिन अशा औषधांची मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी त्रास होऊ शकतो. ती बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच. आणि हा नियम एका महाग ब्रँडवरून दुसऱ्या महाग ब्रँडवर जातानाही लागू आहे.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपतात. दुकानदाराने २० टक्के सूट दिली म्हणजे औषध स्वस्त पडलं असं नाही. छापील किंमतच किती फुगवलेली आहे ते बघा. आरोग्यविमा असला म्हणजे रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च निघतो असंही नाही. साधारण पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा आणि त्याच्या आगेमागे ठरावीक दिवसांचाच खर्च देते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही ठरलेल्या उपचारांसाठीच आहे. मात्र महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत, हे अनेकांना माहीतच नाही.

आणि 'केमिस्टला सांगितलं की तो स्वस्तातलं देईल' हा भाबडा विश्वास. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, म्हणजे शेड्यूल एचमधल्या, औषधाच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल, तर त्याऐवजी दुसरं देण्याची मुभा कायद्याने त्याला नाही. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये काढला आणि विरोध होताच त्याच महिन्यात स्थगित केला. तेव्हा हे काम रुग्णालाच करावं लागेल. डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच औषधाचं मूळ नाव लिहून मागा, आणि 'जनऔषधी सुगम' ॲपवर किंमत व जवळचं केंद्र बघून मगच पैसे मोजा.