केजच्या उन्हात कासवाचा बल्ब

एप्रिलमधली दुपार, बीड जिल्ह्यातल्या केजमधलं पत्र्याचं घर. बाहेर पारा चाळिशीपार, आत कूलरची घरघर. शेजारच्या टेबलावर काचेची पेटी, तिच्यात वीतभर पाणी आणि वर शंभर वॉटचा पिवळा बल्ब. कासव बल्बपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तळाशी, मान आत ओढून बसलेलं. घरातला पोरगा म्हणाला, "काका, मोबाइलवर बघूनच लावलाय. कासव थंड रक्ताचं असतं ना, त्याला गरमी लागते." मी पाण्यात थर्मामीटर सोडला. 37 अंश. बटण आधी बंद केलं, मग बोलायला बसलो.

त्या पोराचं फारसं चुकलं नव्हतं. त्यानं पाहिलेला व्हिडिओ अमेरिकेतला होता आणि तोही 'बॉक्स टर्टल'चा. या कासवाच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते. धोका दिसला की ते दार लावून घ्यावं तसं स्वतःला पुरतं बंद करून घेतं. ते जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्यात राहणारं, जमिनीवरचं कासव आहे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतं, घरं महिनोन् महिने बंद असतात, त्यामुळे घरातल्या कासवाचा सूर्य म्हणजे बल्बच. तिथले सल्ले तिथल्या घरांसाठी बरोबर आहेत. केज साधारण 18.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला भरदुपारी इथे सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा तो दुपारी क्षितिजापासून 48 अंश वर असतो. उन्हाची आपल्याकडे वानवा नाही. वानवा असते ती पेटीत सावलीची.

आपल्याकडे घरोघरी दिसतं ते कासवही वेगळं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात नाण्यापेक्षा थोडं मोठं दिसणारं 'रेड इअर्ड स्लायडर'. मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं आणि ताटलीपेक्षा मोठं होतं. पाण्यात पोहतं, पण ऊन खायला रोज बाहेर येतं. म्हणून "पाण्यातलं कासव, त्याला उन्हाचं काय?" हा पहिला गैरसमज. विटेवर चढलेलं स्लायडर एकदा निवांत बघा. मान ताणून, मागचे पाय लांब करून, बोटांमधले पडदे पंख्यासारखे पसरून ते पडून राहतं. पाठीवरच्या पट्ट्यांचा पातळ पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटतो, तोही असा कोरडा वाळल्यावरच. सतत ओलं राहिलेलं कवच पुढे सडायला लागतं.

"थंड रक्ताचं" म्हणजे गरमीचं भुकेलं नव्हे. आपलं शरीर आतून ऊब तयार करतं. कासव ती बाहेरून घेतं आणि पुरे झाली की तिथून उठून जातं. हे उठून जाणं त्याच्या जगण्याचा अर्धा भाग आहे. म्हणून पेटीत दोन टोकं हवीत. एका टोकाला कोरडी वीट किंवा फळी, जिच्यावर 30 ते 33 अंशांची ऊब मिळेल. दुसऱ्या टोकाला सावली आणि लपायला जागा. स्लायडरसाठी पाणी 24 ते 27 अंशांच्या आसपास असावं. बॉक्स टर्टलला पोहायचं पाणी नको, पण दमट माती हवी, आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती माती दिवसातून दोनदा शिंपडावी लागते. थर्मामीटर दोन घ्या, दोन्ही टोकांना एकेक. शरीराचं तापमान चाळिशीपार गेलं तर कासव दगावतं, आणि बंद पेटीत तसं व्हायला फार वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये केजच्या बहुतेक घरांत उबेचा बल्ब मुळीच लागत नाही. उलट पाणी तापू नये म्हणून पेटी पत्र्यापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवावी लागते.

मग ऊन कशासाठी? उबेपेक्षाही मोठं काम हाडांचं आणि कवचाचं आहे. उन्हातले अतिनील-बी किरण कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं, पाय लुळे होतात. "कॅल्शियमची पावडर देतोय की," असं सांगणारे बरेच भेटतात. हे किरणच मिळत नसतील तर नुसत्या पावडरीनं भागत नाही.

इथेच सगळ्यात महाग पडणारा गैरसमज येतो: "पेटी खिडकीपाशी ठेवली आहे, ऊन मिळतंच." काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील-बी किरण जवळजवळ सगळे काच अडवते. म्हणजे कासव तापतं आणि हाडं तशीच उपाशी राहतात. पेटीच्या काचेचंही तेच. त्यात बंद काचेत उष्णता कोंडते. ही चूक मी स्वतः केली आहे. पेटी गच्चीवर उन्हात ठेवली आणि चहा प्यायला खाली आलो. परत गेलो तेव्हा कासव तोंड उघडं टाकून पुढचे पाय काचेवर घासत होतं. सावलीत घेतलं, साध्या पाण्यात हळूहळू गार केलं, वाचलं. काचेवर उमटलेले ते नखांचे ओरखडे मला अजून दिसतात. त्यानंतर मी काचपेटी उन्हात कधी नेली नाही.

उन्हासाठी प्लास्टिकचा मोठा टब घ्या. लोखंडी घमेलं नको, ते तापतं. थोडं पाणी, मध्ये वीट, आणि अर्ध्या टबावर ओलं पोतं. कासव उन्हात बसतंय की पोत्याखाली जातंय, हे त्याचं त्याला ठरवू द्या. कावळा, मांजर, कुत्रं यांच्यामुळे स्वतः जवळ बसायला हवं. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

कोणतं ऊन? आपल्याकडे सगळे सांगतात, "कोवळं ऊन दाखवा." बाळाला दाखवतो तसं. कोवळ्या उन्हानं ऊब मिळते, पण सूर्य खाली असताना किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि त्यात अतिनील-बीचा मोठा भाग गळून जातो. एक सोपी खूण सांगतो. उन्हात उभं राहून आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीच्या जवळपास आली की ऊन कामाचं झालं. केजमध्ये एप्रिलात ही वेळ सकाळी सव्वानऊ-साडेनऊला येते, आणि तेव्हा हवा अजून सोसवते. डिसेंबरात मात्र त्यासाठी भरदुपारच गाठावी लागते, आणि तेव्हाची दुपार सुखाची असते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, रोज टब बाहेर नेणं न जमणाऱ्याला दिवा लागणारच. तिथे बाजारातला घोळ समजून घ्या. घरातली ट्यूब किंवा एलईडी उजेड देते, अतिनील-बी देत नाही. एलईडीची ऊबही नगण्य. जुना पिवळा बल्ब ऊब देतो, किरण देत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची अतिनील-बी ट्यूब वेगळी असते. गावात सहसा मिळत नाही, मागवावी लागते. ती वरून लावायची, कासव आणि ट्यूब यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको, आणि अंतर खोक्यावर लिहिलेलं असेल तेच ठेवायचं. दिवसाला दहा-बारा तास पुरे. तिचा उजेड कायम राहिला तरी आतले किरण सहा महिने ते वर्षभरात मंदावतात, म्हणून लावली ती तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा. एक धोका मात्र नीट ध्यानात घ्या: पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला किंवा फिशटँकच्या फिल्टरमधला अतिनील दिवा उघडा करून कासवावर कधीही लावू नका. ते जंतू मारणारे किरण आहेत. त्यांनी डोळे आणि कातडी भाजते, कासवाची आणि आपलीही.

रात्री लाल बल्ब ठेवायचा, कारण कासवाला लाल रंग दिसत नाही, हेही सर्रास सांगतात. कासवाला लाल उत्तम दिसतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही स्लायडरला दिसतात. त्याला रात्र म्हणून अंधारच हवा. रात्री ऊब लागलीच तर उजेड न देणारा चिनीमातीचा हीटर मिळतो. तो चिनीमातीच्याच होल्डरमध्ये बसवा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. विजेवर तापणारे दगड मात्र नकोत, त्यांच्यावर बसून पोट भाजलं तरी कासव वेळेत उठत नाही.

आता थंडी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. "ते झोपी जातं, काही करायची गरज नाही" असं समजून लोक कासव तसंच सोडून देतात. पण आपली थंडी सलग नसते. दुपारी 28 अंश झाले की कासव जागं होऊन खातं, रात्री गारठलं की खाल्लेलं पचत नाही. ना धड झोप, ना धड जाग. अशातच छाती भरते. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, एका अंगावर कलून पोहणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत, तेव्हा लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. या दीड-दोन महिन्यांत हीटर खरंच हवा. पाण्यात बुडणारा, थर्मोस्टॅटचा, 25 अंशांवर लावलेला. पाणी बदलताना आधी प्लग काढा. तापलेली काचनळी उघडी पडली की तडकते आणि पाण्यात वीज उतरते. रात्री लाइट गेली तर पेटीभोवती गोधडी गुंडाळा, वरून हवेला जागा ठेवा. पाणी सकाळपर्यंत बरंच तग धरतं.

हे सगळं दुकानातून आणलेल्या परदेशी कासवाबद्दल झालं. बॉक्स टर्टल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारातलं आहे, म्हणून ते पाळणाऱ्यानं 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायला हवी. आणि पाळायचा कंटाळा आला म्हणून स्लायडर मांजरा नदीत किंवा धनेगावच्या धरणात सोडणं हा मार्ग नव्हे. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. आपल्या कासवांच्या तोंडचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं.

आणि आपली कासवं घरात ठेवायचीच नाहीत. विहिरीत, ओढ्यात सापडतं ते मऊ पाठीचं कासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बाळगलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. वीस नखांच्या कासवानं पैशांचा पाऊस पडतो या थापेपायी किती कासवं पोत्यात भरली गेली! मऊ पाठीच्या कासवाच्या एका पायाला नखं असतात तीन, चारी पायांची मिळून बारा. याच कासवाला आपल्या दुष्काळाची तोड ठाऊक आहे. तळं आटलं की ते चिखलात खोल शिरून पावसाची वाट बघतं. त्याला कुठल्याच बल्बची गरज नाही.

घरात असं कासव असेल, कुणी पोरानं कौतुकानं आणलं असेल, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बीड जिल्ह्यातच शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीव केंद्रही आहे. कळवताना ते कोणत्या विहिरीतून, कोणत्या ओढ्यातून आणलं ते आठवून नक्की सांगा, म्हणजे त्याला परत कुठे सोडायचं ते ठरवता येईल.